काट्यांची सरहद्द: मिठासाठी हिंदुस्थानभर वाढवलेले एक कुंपण

१९९५ साली लंडनमधील चॅरिंग क्रॉस रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या एका दुकानातून रॉय मॉक्सहॅम नावाच्या गृहस्थांनी एक पुस्तक विकत घेतले. मॉक्सहॅम हे व्यवसायाने जुन्या ग्रंथांची आणि कागदपत्रांची डागडुजी करणारे तज्ज्ञ. पुस्तक होते विल्यम स्लीमनच्या हिंदुस्थानातील आठवणींचे, मूळ १८४४ सालचे. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून हा स्लीमन आपल्याकडेही परिचित आहे. कोणत्याही संशोधनाचा हेतू मनात नव्हता. सवडीने चाळण्यापुरते ते पुस्तक घेतले होते. पुढच्या काळातील एका संपादकाने त्यात टिपा जोडल्या होत्या, आणि त्यांपैकी एका तळटिपेपाशी मॉक्सहॅम थबकले.

मिठावरील जकात वसूल करण्यासाठी इंग्रज सरकारने हिंदुस्थानच्या आरपार एक सीमारेषा आखली होती, असे त्या टिपेत म्हटले होते. १८६९ साली ती सिंधू नदीपासून महानदीपर्यंत २,३०० मैल, म्हणजे सुमारे ३,७०० किलोमीटर पसरलेली होती. तिच्यावर जवळपास १२,००० माणसांचा पहारा असे. युरोपात आखली असती तर ही रेषा लंडनहून निघून थेट कॉन्स्टँटिनोपलला पोचली असती. आणि तिच्या लांबीचा मोठा भाग म्हणजे काटेरी झाडाझुडपांचे एक प्रचंड, अभेद्य कुंपण होते.

हे कुंपण ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांत सर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ हे इंग्रज मुत्सद्दी होते. जगात याची तुलना करायची तर ती केवळ चीनच्या भिंतीशीच करता येईल, असे त्यांचे मत होते. मराठी वाचकाला हे नाव ओळखीचे वाटेल ते योग्यच आहे. मराठ्यांचा इतिहास लिहिणारे साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ हे यांचे वडील, आणि मुलाचे नाव त्यांनी ठेवले ते मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्यावरून.

चीनच्या भिंतीशी तुलना व्हावी अशी वस्तू हिंदुस्थानात उभी होती, आणि शंभर-सव्वाशे वर्षांत ती इतकी विसरली गेली की इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत तिला एका ओळीचीही जागा मिळाली नाही. मॉक्सहॅम यांचा पहिल्यांदा त्या टिपेवर विश्वासच बसला नाही, यात नवल नाही.

या कुंपणाचे मूळ बंगालमध्ये आहे. प्लासीनंतर कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या हाती बंगालचा व्यापार आला, तेव्हा मिठाचे मोल त्यांनी लगेच ओळखले. धान्य ज्याचे त्याला पिकवता येते, कापड घरी विणता येते, पण मीठ समुद्रावरून किंवा खाणीतूनच यावे लागते, आणि त्यावाचून कोणाचेच चालत नाही. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने मिठाचा सारा व्यवहार कंपनीच्या ताब्यात घेतला. समुद्राचे खारे पाणी लाकडाच्या जाळावर आटवून मीठ तयार करणारे कारागीर, ज्यांना बंगालीत मलंगी म्हणत, ते कंपनीच्या उचलीखाली दबले. १७८८ च्या सुमारास कर मणाला सव्वातीन रुपयांवर गेला, आणि जे मीठ पूर्वी सव्वा रुपया मणाने मिळे ते घाऊक बाजारात चार रुपयांच्या घरात पोचले.

कर वाढला की चोरटी आयात वाढते. बंगालला लागून ओरिसाचा किनारा होता, तिथले मीठ उत्तम आणि स्वस्त होते, आणि तो किनारा होता नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली. ओरिसात पिकणारे सगळे मीठ आम्हालाच विकावे, असा प्रस्ताव कंपनीने १७९० मध्ये नागपूरकरांपुढे ठेवला. तो मानला गेला नाही. १८०३ च्या युद्धात कंपनीने कटक घेतले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात देवगावच्या तहाने रघूजी भोसल्यांना त्यावर पाणी सोडावे लागले. हे युद्ध मिठासाठी झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण तहाची शाई वाळते न वाळते तोच, पुढच्याच वर्षी, ओरिसाच्या मिठावर कंपनीची मक्तेदारी लागू झाली, ही गोष्ट मराठेशाहीच्या अखेरच्या लढायांचा अभ्यास करताना सहसा कोणी विचारात घेत नाही.

बंगालची ओरिसाकडची बाजू अशी बंद झाली. पश्चिमेचे काय करायचे, हा प्रश्न राहिलाच. राजपुतान्यात सांभर सरोवराचे मीठ होते, पंजाबात सैंधवाचे डोंगर होते, कच्छ आणि गुजरातेत मैलोगणती आगरे होती, आणि हे सारे प्रदेश कंपनीच्या बंगालमधील कराच्या बाहेर होते. १८२३ साली आग्र्याच्या जकात आयुक्ताने यमुना आणि गंगेच्या काठाने मिर्झापूरपर्यंत चौक्यांची एक माळ बसवली. १८३४ पासून पुढची वीस वर्षे जी. एच. स्मिथ नावाचा आयुक्त या खात्याचा प्रमुख होता. त्याने तंबाखू, लोखंड अशा किरकोळ मालावरची जकात सोडून दिली आणि सारे लक्ष मिठावर एकवटले. सिंध आणि पंजाब खालसा झाले तशी चौक्यांची माळ वायव्येकडे लांबत गेली. चौकीपासून चौकीपर्यंत मैलाचे अंतर, मधून गस्तीची उंच वाट, आणि वाटेच्या कडेला काटेरी अडथळा, असे तिचे रूप हळूहळू ठरत गेले.

पूर्ण वाढलेल्या रेषेचे तीन भाग होते. उत्तरेस तरबेलापासून मुलतानपर्यंत सिंधूचे विशाल पात्रच कुंपणाचे काम करी. तिथे चौक्या विरळ होत्या. मुलतानपासून सतलज आणि यमुनेच्या अनुरोधाने खाली उतरत बुऱ्हाणपूरच्या दक्षिणेपर्यंत येणारा १,४२९ मैलांचा भाग हा या रेषेचा खरा कणा. तिथून पुढे पूर्वेला वळून महानदीकाठच्या सोनपूरपर्यंत ७९४ मैल पुन्हा विरळ पहारा.

बुऱ्हाणपूर म्हणजे खानदेशाची वेस. ही भिंत इथवर का आणावी लागली, याचे उत्तर कोकणात आहे. उरण, पनवेल, पेण, भाईंदर या पट्ट्यातील मिठागरांचे मीठ घाट चढून देशावर, तिथून वऱ्हाड-खानदेशात आणि पुढे नर्मदेपार जाई. ते वाहणाऱ्या बैलांच्या तांड्यांचे मालक म्हणजे वंजारी-लमाण. लमाण हे नाव लवणावरूनच पडले असे मानतात. मुंबई इलाख्यात मिठावर कर होता, पण बंगालच्या मानाने हलका. १८४४ मध्ये तो मणाला आठ आण्यांवरून एक रुपया केला, तेव्हा सुरतेत एवढा दंगा उसळला की सरकारला माघार घेऊन बारा आण्यांवर यावे लागले. पुढे तो पायरीपायरीने चढत १८६९ पर्यंत एक रुपया तेरा आण्यांवर गेला. त्याच वेळी वायव्य प्रांतात दर मणाला तीन रुपये, आणि बंगालात सव्वातीन. अर्थात कर भरलेले मुंबईचे मीठ बुऱ्हाणपुराहून चोरून पलीकडे नेले, तर मणामागे एक रुपया तीन आणे सुटत होते. मण म्हणजे आजचे सुमारे सदतीस किलो. शेतमजुराची महिन्याची मिळकत त्या काळी तीन रुपयांच्या आसपास होती. एक बैल दोन गोण्या वाहतो. हिशेब कोणालाही जमण्यासारखा होता, आणि तो मोडून काढण्यासाठीच कुंपण होते.

पहिले कुंपण वाळके होते. बोरीच्या फांद्या तोडून आणायच्या आणि रचून ठेवायच्या, शेतकरी पिकाभोवती घालतो तसेच, फक्त शेकडो मैल. पण वाळके काटेरी कुंपण टिकत नाही. त्याला वाळवी लागते, वणव्यात ते जळते, वावटळीत उडते, पावसात कुजते. एका मैलाला सुमारे २५० टन काटेरी जळण लागे आणि ते कधी कधी सहा-सहा मैलांवरून वाहून आणावे लागे. ज्या झाडाला मुळे आहेत ते स्वतःची डागडुजी स्वतःच करते, ही साधी गोष्ट खात्याच्या ध्यानात यायला बरीच वर्षे लागली. मग जिवंत कुंपण लावण्याचा उद्योग सुरू झाला.

या उद्योगाला शिस्त लावली ती ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम याने. होय, तेच ह्यूम, जे पुढे १८८५ साली मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरवणार होते. १८६७ ते १८७० ही तीन वर्षे ते अंतर्गत जकात खात्याचे आयुक्त होते. जमीन जिथे खारट किंवा मुरमाड होती तिथे त्यांनी चर खणून बाहेरची माती भरली. पाणी साचत होते तिथे बांध घालून त्यावर झाडे लावली. कोरड्या भागात विहिरी खोदल्या. कुठल्या मातीत कुठले झाड धरते याचे प्रयोग करवले. ह्यूम मुळात निसर्गाचे अभ्यासक. हिंदुस्थानातील पक्ष्यांचा त्यांच्याइतका मोठा संग्रह त्या काळी दुसऱ्या कोणाकडे नव्हता, आणि जकात खात्याच्या दौऱ्यांत हजारो मैल फिरताना त्या संग्रहात भर पडत गेली. एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या आस्थेने एखादा जुलूम किती परिपूर्ण करता येतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

कुंपणात कोणती झाडे होती, याची नोंद त्यांच्या अहवालात आहे, आणि ती यादी मराठी वाचकाला फारच जवळची वाटेल. बाभूळ-खैराच्या जातीची काटेरी झाडे. बोर. करवंद. तीन जातींचा निवडुंग, जो मूळचा अमेरिका खंडातला आणि इथे येऊन गावोगावच्या बांधांवर रुजलेला. थोराच्या अनेक जाती. आणि या सगळ्यांना एकमेकांत गुंफून टाकणारी एक काटेरी वेल: सागरगोटा. जिच्या करड्या, गुळगुळीत, दगडासारख्या बिया घेऊन घरोघरच्या मुलींनी पिढ्यान्‌पिढ्या अंगणात खेळ मांडला, ती ही वेल. तिच्या खोडावर, फांद्यांवर, पानांच्या देठांवर आणि शेंगांवरसुद्धा काटे असतात, आणि त्यांतले कित्येक मागे वळलेले, आकड्यासारखे. माणूस त्यात एकदा शिरला की पुढे रेटावे तरी रुतते आणि मागे ओढावे तरी रुतते.

उत्तम स्थितीतले कुंपण दहा ते चौदा फूट उंच आणि सहा ते बारा फूट रुंद होते. म्हणजे साधारण दीड मजल्याची उंची, आणि जाडी अशी की पलीकडचा माणूस दिसू नये. सगळीकडे ते असे नव्हते. १८७८ मध्ये, म्हणजे ते सर्वांत जास्त वाढले होते तेव्हा, पूर्ण जिवंत आणि चांगले कुंपण ४०० मैलांहून थोडे अधिक भरत होते. उरलेल्या ठिकाणी कुठे जिवंत आणि वाळके मिळून, कुठे नुसते वाळके, आणि जिथे काहीच उगवत नव्हते तिथे थोडे मैल दगडी भिंत.

मोठ्या रस्त्यांवर फाटके होती. व्यापाऱ्याने चौकीवर यावे, मीठ तोलून घ्यावे, जकात भरावी, परवाना घ्यावा आणि पुढे जावे, अशी रीत. या परवान्यावरूनच, म्हणजे इंग्रजी ‘परमिट’वरून, गंगा-यमुनेच्या प्रदेशात रेषेला ‘परमट लाइन’ म्हणू लागले. उलट दिशेने, पूर्वेकडून राजपुतान्याकडे जाणाऱ्या साखरेवरही जकात होती. १८६९-७० या एका वर्षात मिठापासून १ कोटी २५ लाख आणि साखरेपासून १० लाख रुपये या रेषेवर गोळा झाले. रेषा चालवण्याचा खर्च १६ लाख २० हजार. कोणत्याही सावकाराला हेवा वाटावा असे हे प्रमाण आहे.

रेषेवर १,७२७ चौक्या होत्या. शिपायाला महिना पाच रुपये मिळत. शेतमजुरापेक्षा ते बरे होते, पण गावापासून दूर, स्वतःच बांधलेल्या कुडाच्या खोपटात राहायचे, रात्री मशालीच्या उजेडात आपल्या हिश्शाची वाट तुडवायची, आणि दुसऱ्या दिवशी मातीत उमटलेले पाऊल शोधत फिरायचे, असे हे जिणे होते. १८७६-७७ या वर्षात आठशेहून अधिक माणसे या नोकरीतून गळाली. त्यांपैकी ११५ मेली, २७६ बडतर्फ झाली, ३० पळाली आणि ३६० रजेवर गेली ती परतलीच नाहीत. बडतर्फीचे मोठे कारण अर्थातच लाचखोरी. ज्या चौकीवर तोलणारा, पाहणारा आणि सोडणारा एकच, तिथे वाटसरूची काय गत होत असेल, हे सांगायला अहवालाची गरज नाही.

चोरटा व्यापार करणारे सुरुवातीला टोळ्यांनी येत आणि लादलेली गुरे कुंपणातून घुसवत. कुंपण दाट झाले तशी तऱ्हा बदलली. मिठाच्या पिशव्या अलीकडून भिरकावायच्या आणि पलीकडच्याने झेलायच्या. १८७७ च्या सप्टेंबरात आग्र्याजवळ ११२ जणांच्या टोळीला दोन शिपायांनी अडवण्याचा प्रयत्न केला. दोघेही ठार झाले. टोळीतील बरेच जण पुढे पकडले गेले. कोणी तुरुंगात गेले, कोणी काळ्या पाण्यावर. त्या १८७७-७८ या एका वर्षात मिठाच्या चोरीसाठी शिक्षा झालेल्यांची संख्या सहा हजारांवर होती. त्यांतले बहुतेक टोळीवाले नव्हते. दंडाची रक्कम काही रुपयांची, आणि ती भरता न येणाऱ्यांसाठी काही आठवड्यांची कैद. यावरून ही माणसे कोण होती ते कळते.

मीठ ही चवीची बाब आहे, असे ज्याच्या ताटात ते रोज असते त्याला वाटते. उन्हात राबणाऱ्या शरीराच्या घामातून मीठ जाते, आणि ते परत मिळाले नाही तर आधी थकवा येतो, मग भोवळ, पेटके, उलट्या. अतिसार झालेल्या माणसाच्या शरीरातून तर ते भराभर निघून जाते. आज घरोघरी मीठ-साखरेचे पाणी पाजतात ते याचसाठी. भुकेने खंगलेल्या माणसाला दुष्काळात मारतो तो बहुधा असा रोगच. भाजीपाला खाणाऱ्या गरिबाला मांस खाणाऱ्यापेक्षा वेगळे मीठ अधिक लागते, कारण मांसात ते काही प्रमाणात असतेच. गुरांनाही मीठ लागते. कराच्या दिवसांत आधी गुरांचे मीठ तुटे, मग मजुराच्या घरातले. मॉक्सहॅम यांनी आपल्या पुस्तकात या अंगावर भर दिला आहे. महाग मिठाने दुष्काळातील मृत्यूंना हातभार लावला असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. त्याचा आकडा काढणे अशक्य आहे, कारण मीठ कमी पडल्याने मेला, अशी नोंद कोणत्याही दप्तरात होत नसते.

एवढे सारे उभारल्यावर सरकारने ते १ एप्रिल १८७९ रोजी सोडून दिले. इंग्रज लेखकांनी ही घटना व्यापाराच्या मुक्ततेची म्हणून गौरवली. रेषा सोडणारे अर्थमंत्री सर जॉन स्ट्रॅची यांनी आणि त्यांचे बंधू रिचर्ड यांनी लिहिलेल्या ग्रंथातच तिचे ते वर्णन आहे, जे पुढे स्लीमनच्या तळटिपेत उतरले. मोडलेल्या गोष्टीचे वर्णन तिला मोडणाऱ्याने करावे, तेव्हा ती जेवढी राक्षसी दिसेल तेवढे त्याचे श्रेय मोठे, हे ध्यानात ठेवून ते वाचले पाहिजे.

प्रत्यक्षात झाले ते असे. मिठाच्या उगमावरच ताबा मिळवला तर वाटेवर पहारा ठेवायची गरज उरत नाही, हे सरकारला उमगले होते. ह्यूम यांनीच जयपूर आणि जोधपूर दरबारांशी बोलणी करून सांभर सरोवर भाडेपट्ट्याने घेतले. १८७० पासून तिथले मीठ इंग्रजांच्या हाती आले. १८७९ पर्यंत राजपुतान्यातील इतर संस्थानांशीही करार झाले आणि भरतपूरसारख्या ठिकाणची मिठागरे बंद पडली. दुसरी बाजू कराच्या दराची. उत्तरेत तीन आणि मुंबईत पावणेदोनच्या आसपास, या तफावतीवर तर चोरटा व्यापार जगत होता. तफावत मिटवली की तो आपोआप मरणार. ती मिटवण्याचे दोन मार्ग होते: उत्तरेचा दर खाली आणणे किंवा मुंबई-मद्रासचा वर नेणे. स्ट्रॅचींनी दोन्ही थोडे थोडे केले. उत्तर हिंदुस्थानात दर तीनवरून अडीच झाला, बंगालचा सव्वातीनवरून दोन रुपये चौदा आणे. आणि मुंबई व मद्रास इलाख्यांत तो एक रुपया तेरा आण्यांवरून अडीच रुपये.

अकरा आण्यांची वाढ. एक तृतीयांशाहून अधिक. आणि ती कधी झाली ते पाहावे: १८७७ च्या अखेरीस. १८७६ पासून दख्खन आणि मद्रास इलाखा महादुष्काळात होरपळत होता. सोलापूर, विजापूर, अहमदनगर, पुणे या जिल्ह्यांत खडी फोडण्याच्या कामांवर माणसे झुंडीने येत होती. तिथली मजुरी सर रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला पौंडभर धान्यावर आणली होती, आणि त्याविरुद्ध मजुरांनी संप केला होता. पुण्याची सार्वजनिक सभा जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे पाठवत होती. त्या मजुराच्या पौंडभर धान्यात जे मीठ पडायचे, ते याच वेळी महाग झाले. उत्तरेतले कुंपण पाडण्याचा खर्च दक्षिणेतल्या दुष्काळग्रस्ताने भरला, असे म्हटले तर ते अलंकारिक ठरणार नाही. दरांचा तक्ता तेच सांगतो. पाडलेल्या कुंपणाबद्दल अभिमानाने लिहिणाऱ्यांनी या तक्त्यातील मुंबई-मद्रासच्या ओळीला मात्र फारशी जागा दिली नाही.

गोव्याची गोष्ट याच माळेतली. पोर्तुगीज अमलाखालचे मीठ इंग्रजी कराच्या बाहेर होते आणि ते घाटावर चढत असे. १८७८ च्या डिसेंबरात लिस्बनमध्ये दोन सरकारांत तह झाला आणि १८८० च्या जानेवारीपासून तो अमलात आला. त्याअन्वये गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले, आणि बदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळू लागले. मुरगावची रेल्वे याच तहातून आली. इतिहासाच्या पुस्तकांत तह आठवला जातो तो तिच्यासाठी. रेल्वे पोर्तुगीजांना मिळाली, महसूल इंग्रजांना मिळाला, आणि आगरात पिढ्यान्‌पिढ्या मीठ ओढणाऱ्या गोवेकराच्या वाट्याला तोलून घेणारा नवा साहेब आला. बारा वर्षांनी, १८९२ मध्ये, हा तह संपला.

१८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांनी बहुतेक सर्व हिंदुस्थानात दर मणाला दोन रुपये केला. १८८८ मध्ये तो पुन्हा अडीच झाला. १८९० च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये मिठावरील कराविरुद्ध जे बोलले त्यांत पुण्याचे चोवीस वर्षांचे एक प्राध्यापक होते, गोपाळ कृष्ण गोखले. पुढे कायदे कौन्सिलात दरसालच्या अंदाजपत्रकावर बोलताना ते आकड्यानिशी याच कराकडे वळत राहिले, आणि १९०३ पासून कर टप्प्याटप्प्याने उतरून १९०७ मध्ये एका रुपयावर आला. ज्या संस्थेच्या व्यासपीठावरून गोखले बोलले, तिचे संस्थापक ह्यूम एके काळी त्याच करासाठी करवंदीची रोपे लावत होते. या विसंगतीची वाच्यता त्या सभेत कोणी केल्याचे ऐकिवात नाही. मिठावरचा कर अखेर गेला तो १९४७ मध्ये.

कुंपण मात्र १८७९ नंतर कोणाच्याच कामाचे उरले नाही. बोर-बाभळीचे लाकूड जळणाला गेले. लागवडीखाली येईल तेवढी जमीन शेतकऱ्यांनी नांगरली. गस्तीची वाट उंच आणि सलग होती, म्हणून तिचे ठिकठिकाणी रस्ते झाले, आणि त्यांवरून जाणाऱ्या गाडीवानाला आपण कशावरून चाललो आहोत याची आठवण राहिली नाही. दगडी भिंत पडली तरी तिचे दगड मागे राहतात. झाडांची भिंत मेली की तिची मातीच होते. उलट कर मात्र जिवंत राहिला, पुढे त्याच्याविरुद्ध दांडीला आणि आपल्या शिरोड्याला सत्याग्रह झाले, आणि लोकांच्या स्मरणात मिठाचा जुलूम म्हटले की समुद्रकिनाराच आला. भर मैदानातल्या बाभळी कोणाला आठवणार?

मॉक्सहॅम १९९६ नंतर तीनदा हिंदुस्थानात आले. जुने नकाशे, होकायंत्र आणि उपग्रहावरून स्थान सांगणारे यंत्र घेऊन ते गावागावांत विचारत फिरले. बहुतेक ठिकाणी शेते होती, रस्ते होते आणि कुंपणाचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. १८५७ च्या धामधुमीत ह्यूम ज्या इटावा जिल्ह्याचे जिल्हाधिकारी होते, त्याच जिल्ह्यात, चंबळच्या बिहडांजवळ, एका वृद्धाला ‘परमट लाइन’ हा शब्द आठवत होता. तो दाखवेल तिकडे गेल्यावर शेतांच्या मधून जाणारा एक रुंद, उंचवट्याचा बांध लागला. बांधावर बाभळी होत्या आणि बोरी होत्या.